हँडल सरळ धरू नका

ताई,
माझं वय ५२. लहानपणी घरात सायकल होती, पण ती भावांची. एकदा चोरून बसले, दहा पावलं गेले आणि काटेरी कुंपणात पडले. त्यानंतर मला कुणी बसवलं नाही आणि मीही विषय काढला नाही. चारचौघांत मात्र ‘येते हो, सवय राहिली नाही एवढंच’ असं सांगत आले. यंदा मुलाने मनावर घेतलं. तीन रविवार झाले, तो सीट धरून शेजारून धावतो, मी पेडल मारते, त्याने हात सोडला की चार-पाच फुटांत मी डावीकडे आडवी. तो ओरडतो, “आई, हँडल सरळ धर! पेडल मार! खाली बघू नकोस!” मी तिन्ही करायला जाते आणि एकही होत नाही. परवा म्हणाला, “तू घाबरतेस ना, म्हणून येत नाही.” घरचे म्हणतात, या वयात हाडं मोडून घेशील, हवंच असेल तर बाजूला छोटी चाकं लावून घे. मैदानातली पोरं हसतात ते वेगळंच. खरं सांगा, माझं वय निघून गेलं का? की शिकण्यातच काही चुकतंय? आणि मुलाला काय सांगू? रागावले तर तो पुन्हा यायचा नाही.
– तोल गेलेली

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिला आपोआप निकालात निघतो. हो, शिकण्यातच चुकतंय. तुमचं नाही, शिकवणाऱ्याचं. मुलगा तीन हुकूम सोडतो. त्यातला एक बरोबर पण अर्धवट आहे, एक फार लवकर दिलेला आहे आणि एक चक्क उलटा आहे. उलटा तो पहिला : ‘हँडल सरळ धर’.

तळहातावर काठी उभी धरून चालायचा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असालच. काठी डावीकडे कलली की आपण काय करतो? हात डावीकडे नेतो. म्हणजे काठी जिकडे पडतेय तिकडे तिच्या बुडाखाली हात सरकवतो. हात ‘सरळ’ ठेवला तर काठी पडलीच. सायकलवर काठी म्हणजे तुम्ही आणि तळहात म्हणजे खालची दोन चाकं. फरक इतकाच की चाकं आडवी सरकवता येत नाहीत, म्हणून जिकडे कललो तिकडे हँडल जरासं वळवायचं. मग चाकं धावत धावत आपल्याखाली येतात. डावीकडे कललात, हँडल किंचित डावीकडे. उजवीकडे कललात, किंचित उजवीकडे. सराईत माणसाची सायकल ओल्या मातीतून गेली की मागे उमटलेली रेघ बघा. ती सरळ नसते, बारीक नागमोडी असते. तोल म्हणजे ती नागमोड, आणि तुमचा मुलगा नेमकी तीच करू नकोस म्हणून ओरडतोय.

डावीकडे कलल्यावर माणसाला घाबरून हँडल उजवीकडे ओढावंसं वाटतं, किंवा ते घट्ट आवळून धरावंसं वाटतं. दोन्हींचा शेवट एकच. तुमचा झाला तोच.

खात्री पटत नसेल तर एक गंमत करा. गवत असेल तिथे रिकामी सायकल हाताने धरून चार पावलं जोरात धावा आणि पुढे ढकलून सोडून द्या. ती लगेच पडत नाही. लांबवर जाते, आणि जाताना कलेल त्या बाजूला तिचं हँडल आपणहून वळताना दिसतं. याचं कारण शोधता शोधता शास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त वर्षं वाद घातला आहे. फिरत्या चाकांमुळे सायकल उभी राहते, असं कुणी म्हणे. पुढच्या चाकाच्या ठेवणीमुळे, असं दुसरं कुणी म्हणे. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या लोकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली एक विचित्र सायकल बनवली आणि ती तरीही उभी राहते हे २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं. पडत्या बाजूला हँडल वळवण्याची खोड तिच्यातही होती. तेव्हा सायकलला जे न शिकवता येतं ते आपण निदान अडवू तरी नये.

आता सीट धरून धावणं. मुलाचं प्रेम त्यात आहे हे कबूल, पण तो धरतो तोवर तुमची सायकल कलतच नाही, आणि कललीच नाही तर सावरायचं कसं हे तुमच्या हातांना कळणार कधी? तोल त्याने सांभाळला, तुम्ही फक्त पेडल मारलं. त्याने सोडलं की तोलाचा तुमचा पहिला धडा सुरू होतो, तोही वेगात, पाय अडकलेले असताना, कानाशी आरडाओरडा चालू असताना. आणखी एक विचारू? तो डावीकडून धावतो ना? पैज लावते. आधार असतो त्या बाजूला अंग नकळत रेलतं. आधार गेला की आपण त्याच अंगावर जातो. तुम्ही दर वेळी डावीकडेच पडता हा घाबरटपणा नाही, तीन रविवार पडलेली सवय आहे.

मुलाचाही फार दोष नाही. ज्याला येतं त्याला सांगता येत नाही, ही सायकलची जुनी रीत आहे. विमान बनवणारे राइट बंधू आधी सायकलींचं दुकान चालवत. त्यांच्यातल्या विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं, की बाबांनो, डावीकडे वळता तेव्हा नेमकं काय करता? एकालाही पहिल्या दमात बरोबर सांगता आलं नाही. सगळे म्हणत, हँडल डावीकडे वळवतो. प्रत्यक्षात डावं वळण घ्यायच्या आधी हँडल क्षणभर उजवीकडे जातं, त्याने अंग डावीकडे कलतं आणि मग वळण सुरू होतं. हे तुम्ही लक्षात ठेवायची अजिबात गरज नाही, तुमचे हात ते स्वतःहून शिकतील. मुलाला मात्र ऐकवायला हरकत नाही. त्याची सायकल त्याच्या अंगाला येते, तोंडाला येत नाही.

तर काय करायचं? सायकलची दोन्ही पेडल काढून टाकायची.

थट्टा करत नाही. जगातली पहिली दुचाकी अशीच होती. जर्मनीतल्या मॅनहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थांनी १८१७ साली एक लाकडी यंत्र केलं. एकामागे एक दोन चाकं, मध्ये बसायची जागा, पुढे वळवायचा दांडा. पेडल नाही, चेन नाही. जमिनीला पाय मारत जायचं आणि वेग आला की पाय उचलायचे. पुढच्या चाकाला पेडल लागायला १८६० चं दशक उजाडलं. म्हणजे चाळीसेक वर्षं दुचाकीवर फक्त तोल होता, पेडल नव्हतंच. माणसं ज्या क्रमाने शिकली त्याच क्रमाने तुम्हीही शिका. शिवाय तेव्हा लहानपणी सायकल शिकलेलं कुणीच नव्हतं, सगळे मोठेपणीच पडले आणि मोठेपणीच शिकले.

पेडल काढायला पंधरा नंबरचा पाना लागतो. इथे एक मेख आहे. उजवं पेडल नेहमीच्या स्क्रूसारखं सुटतं, डाव्याचे आटे मात्र उलटे असतात. आपण पाय मारत असताना ते आपोआप ढिलं होऊ नये म्हणून ही सोय. घड्याळाच्या काट्यांचा हिशेब डोक्यात घोळतो, म्हणून सोपी खूण सांगते : पाना पेडलवर उभा अडकवा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हेच. मागे ओढलं की सुटतं, पुढे ढकललं की आवळतं. उजवीकडचं काढताना चेन पेडलजवळच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर असू द्या, नाहीतर पाना एकदम सुटला की बोटांची सालटी निघतात. पेडल हरवू नका. मी एका डब्यात ठेवली होती आणि तो डबा शोधण्यात एक अख्खी सकाळ घालवली.

मग सीट खाली करा. किती? तुम्ही बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे थोडे वाकलेले. फक्त चवडे टेकताहेत म्हणजे सीट अजून उंच आहे. सायकलच्या दुकानात गेलात तर ‘पाय एवढे वाकलेले बरे नाहीत, गुडघे धरतील’ असं सांगतील. सायकल चालवणाऱ्यासाठी ते खरं आहे, तुम्ही अजून चालवत नाही. मधली दांडी आडवी असेल तर खाली झुकलेल्या दांडीची सायकल कुणाकडून तरी मागून आणा. पाय वर टाकून बसण्याची कसरत शिकण्याच्या काळात कशाला? चाकांत हवा टणक भरा. हवा कमी असली की सायकल रेंगाळते, आणि रेंगाळणारी सायकल डुगडुगते.

जागा सपाट आणि कडक हवी. पडलो तर लागू नये म्हणून सगळे गवतावर नेतात. पण गवतात चाक रुतल्यासारखं होतं, वेग येत नाही, आणि वेगाशिवाय हँडल वळवून चाकं अंगाखाली येणार कशी? उभ्या सायकलवर तोल सांभाळणं ही सर्कशीतली गोष्ट आहे. धावती सायकल नवशिक्याची असते. तुम्हाला भीती वाटते तेव्हा तुम्ही वेग कमी करता, त्याने डुगडुग वाढते, त्याने भीती वाढते. हे चक्र तोडायला साधारण भराभर चालण्याचा वेग पुरतो.

पहिल्या दिवशी बसायच्या आधी सायकल हातात धरून नुसतं चाला. चालता चालता एकेक ब्रेक दाबून बघा. कुठल्या हाताचा ब्रेक कुठल्या चाकाचा, हे प्रत्येक सायकलवर सारखं नसतं. पुढचा एकदम आवळला की मागचं चाक उचलल्यासारखं होतं, ते हाताला कळू द्या. ब्रेक दोन बोटांनी, हळू, दोन्ही एकत्र. थांबता येतं हे एकदा अंगाला पटलं की निम्मी भीती तिथेच उतरते. मुलगा तीन रविवारांत थांबायचं कसं यावर एक शब्द बोलला नाही, हे लक्षात आलं का तुमच्या?

मग सीटवर बसून चाला. शब्दशः चाला, बदकासारखं. वजन पायांवर नाही, सीटवर. हळूहळू पावलं लांब टाका. मग दोन्ही पायांनी एकदम मागे रेटा आणि पाय जमिनीपासून वीतभर उचला. मनात मोजा. पहिल्यांदा ‘एक’ म्हणेपर्यंत पाय खाली येतील. येऊ द्या, त्यात हार नाही, पाय त्यासाठीच मोकळे ठेवलेत. कलतेय असं वाटलं की त्या बाजूला हँडल थोडंसं वळवा, मग पाय टेका. नुसतं टेकू नका, आधी वळवा. एवढी एक गोष्ट शंभर वेळा करायची आहे आणि बाकी काही करायचं नाही. मूठ सैल हवी, हातात जिवंत पक्षी धरलाय इतकीच. खांदे कानाला लागले असतील तर खाली सोडा. श्वास रोखला असेल, बहुतेक रोखलेला असतोच, तर मोठ्याने मोजा, म्हणजे रोखता येणार नाही.

मला हे एक्केचाळिसाव्या वर्षी करावं लागलं. दोन दिवस ‘दोन’च्या पुढे आकडा गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच रेट्याला ‘सहा’ मोजून झाले आणि मी इतकी दचकले की ब्रेकच लावला. हे रात्रीत कुठून आलं? हातापायांची शिकवण आपण झोपल्यावर मेंदू घोटून पक्की करतो. म्हणून तुमचा रविवारचा दोन तासांचा तमाशा बंद करा. रोज वीस मिनिटं, आणि जमतंय असं वाटत असतानाच उठायचं. दमल्यावर केलेल्या सरावात फक्त चुका मुरतात.

आता तो अर्धवट हुकूम, ‘खाली बघू नकोस’. मग कुठे बघू? हे तो सांगत नाही. सायकल नजरेमागे जाते. मैदानात वळण घ्यायला खूण म्हणून मी माझी पाण्याची बाटली ठेवली होती. सभोवती एवढं मोकळं मैदान, तरी तीन वेळा मी त्या बाटलीवरूनच गेले. बाटलीला चुकवायचं म्हणून मी बाटलीकडेच बघत होते ना! चौथ्या वेळी पलीकडच्या फाटकाच्या कडीवर नजर ठेवली आणि बाटली कधी मागे पडली कळलंही नाही. ती अजून वापरते, बूड चेपलंय म्हणून टेबलावर जरा डुलते. तुम्हीही लांबचं काहीतरी निवडा. झाड, खिडकी, भिंतीवरचा डाग. वळायचं असेल तर मान आधी वळवा, सायकल मागून येईल. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे नाही, त्याच्या शेजारच्या चांगल्या जागेकडे बघा.

सपाटीवर सहा-सातपर्यंत सहज जायला लागलात की अगदी पुसट उतार शोधा. सायकल सोडली तर जेमतेम घरंगळेल इतकाच, आणि खाली पुन्हा सपाट जागा असलेला. त्यावरून पाय उचलून खाली या, आधी सरळ, मग डावीकडे-उजवीकडे हलकी वळणं घेत, शेवटी दोन्ही ब्रेक लावून. हे दहा वेळा पाय न टेकता झालं की पेडल परत लावा. त्याआधी नाही, मुलाने कितीही घाई केली तरी नाही. काहींना हे एका सकाळीत जमतं, काहींना दोन आठवडे लागतात.

पेडल लावल्यावर आठवडाभर काहीच येत नाही असं वाटेल, असं लोक सांगतात. मला तसं वाटलं नाही. तोल आलेला असतो, पेडल त्यावर नुसतं चढतं. उतारावर आधी पाय फक्त पेडलवर ठेवून या, फिरवू नका. मग फिरवा. निघण्याची युक्ती एवढीच : ब्रेक धरून एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचं पेडल वर आणि जरा पुढे आणून ठेवायचं, डावीकडून पाहिलं तर घड्याळात दहा वाजता काटा असतो तिथे, उजवीकडून पाहिलं तर दोनला. ब्रेक सोडून त्यावर ठाम उभं राहिल्यासारखा दाब द्यायचा. त्या एका दाबाने इतका वेग मिळतो की दुसऱ्या पायाला आपलं पेडल शोधायला वेळ मिळतो. तो शोधतो, तुम्ही खाली बघू नका. गिअर असतील तर मधल्यापेक्षा एखादा हलका ठेवा. फार हलक्यावर पाय भिरभिरतात, फार जडावर सायकल हलत नाही. सीट एकदम वर करू नका, दर दोन-तीन दिवसांनी बोटभर.

आता वय. वयाचा काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. मूल पडतं आणि उठतं, आपण पडतो आणि क्ष-किरण काढायला जातो. पडताना हात पुढे टाकण्याची उपजत ओढ असते आणि मनगट त्यातच मोडतं. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, इथे लाज नको. हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला, भुवयांच्या वर दोन बोटांइतकीच जागा सोडून. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट कामाचं नाही. हातमोजे, बंद बूट, आणि पायाशी सैल कपडा नको, तो चेनमध्ये जातो. पण पेडल काढलेल्या बुटक्या सीटवर पडणं तसं अवघडच असतं, कारण दोन्ही पाय जमिनीपासून वीतभरावर असतात. घरच्यांना हे दाखवा, सांगू नका.

आणि उंचीला घाबरू नका. तळहातावर पेन्सिल उभी धरून बघा आणि मग लांब काठी. पेन्सिल क्षणात पडते, काठी सावकाश कलते, सावरायला वेळ देते. तोलाच्या हिशेबात मोठं माणूस पोरापेक्षा काठीच्या बाजूला असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रान्सिस विलार्ड नावाच्या एक मोठ्या समाजकार्यकर्त्या होत्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष. त्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्या अनुभवावर चक्क पुस्तक लिहिलं. रोज थोडाच वेळ सराव करत त्यांना सुमारे तीन महिने लागले. तुमच्या तीन रविवारांवरून तुम्ही स्वतःला नापास करू नये म्हणून हा हिशेब देते. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचा क्रम. पेडल मारणं, वळणं, उतरणं, आणि सायकलवर स्वतःहून चढणं सगळ्यात शेवटी. टांग मारून ऐटीत बसणं तुम्हीही शेवटालाच ठेवा. नाही आलं तरी काही अडत नाही. मला अजून येत नाही.

बाजूची छोटी चाकं लावू नका. त्यांनी सायकल कलायची थांबते आणि तिची तीनचाकी होते. तीनचाकीवर आपण हँडल वळवतो आणि अंग बाहेर फेकलं जातं, दुचाकीवर अंग आत कलतं. चाकं काढाल तेव्हा जे शिकलात ते आधी पुसावं लागेल. डॉक्टरांनी दुचाकीला नाहीच म्हटलं, तर मोठ्या माणसांची खरी तीनचाकी मिळते, ती खुशाल घ्या. पण ते वेगळं वाहन आहे, दुचाकीकडे जाणारी पायरी नव्हे.

रस्त्यावर जायची घाई नको. सरळ रेषा न सोडता मागे वळून बघता येतंय, एक हात सोडून तो दाखवता येतोय आणि कुणी अचानक आडवं आलं तर घसरल्याशिवाय थांबता येतंय, एवढं झाल्यावर बोलू.

हसणाऱ्या पोरांचं काय? पेडल नसलेल्या सायकलवर बदकासारखी चालणारी पन्नाशीची बाई गमतीदार दिसते, हे मी नाकारत नाही. ती हसतील. पहिले दोन दिवस जास्त हसतील. तिसऱ्या दिवशी त्यातलं एखादं जवळ येऊन ‘काकू, पेडल कुठे गेली?’ असं विचारेल. त्याला खरं उत्तर द्या. त्याच दमात, ‘सवय राहिली नाही’ म्हणून जे इतकी वर्षं सांगत आलात तेही एखाद्या जवळच्या मैत्रिणीपाशी मोडीत काढा. नैतिकतेसाठी नव्हे, सोयीसाठी. येतं म्हणून सांगितलेल्या माणसाला कुणाच्या देखत शिकता येत नाही, म्हणून ते रविवार रविवार लपून शिकतं, आणि तुम्हाला तर रोज वीस मिनिटं हवी आहेत.

राहिला मुलगा. त्याला घालवू नका, कामं बदला. पहिले पंधरा दिवस त्याने लांब उभं राहायचं, हात पाठीमागे, आणि तुमचे आकडे मोठ्याने मोजायचे. आकड्यांखेरीज शब्द काढायचा नाही. पुढे कधी आधार लागलाच तर त्याने तुमच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळवा ठेवायचा. सीट नाही, आणि हँडलला तर हातच लावायचा नाही.

आणि पेडल काढायचं काम त्यालाच द्या. उजवं तो चटकन काढेल. मग डाव्याशी भिडेल, उजव्यासारखाच पाना फिरवेल आणि ते आणखी आवळत जाईल. पाच मिनिटं त्याला घाम गाळू द्या, त्याहून जास्त नको, आटे खराब होतील. मग शेजारी बसा आणि अजिबात न ओरडता सांगा, “उलटं फिरव, बाळा.”